जोएलला पाठवायचे शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून एकच काम. मित्तेरे. लॅटिन क्रियापद. अर्थ: सोडणं, पाठवणं.
नाताळात चर्चमध्ये मिस्सेची उपासना चालू असताना जोएल कानात पुटपुटला होता, "ताई, मिस्सा म्हणजे नक्की काय गं? इंजिनिअर ना तू? शोध की." शोधते म्हणाले. माझा धाकटा भाऊ. १६ जानेवारीला पुणतांब्याजवळ बाईकच्या अपघातात गेला. उत्तर बाकी आहे, ते पूर्ण करते. भावनेचा प्रश्न नाही.
रोज एक शब्द त्याच्या नंबरवर पाठवणार. फोन कोपरगावला मम्मीच्या कपाटात बंद आहे, म्हणजे एकच टिक. वहीपेक्षा हे सोयीचं.

५ फेब्रुवारी
मिस्सा हा शब्द मित्तेरेपासूनचा, इकडे पोर्तुगीजांबरोबर आला. मिशन, परमिट, कमिटी, प्रॉमिस ही त्याची भावंडं. पाठवलं. एक टिक.
मम्मीचा फोन. जोएलला जाऊन महिना होतो, त्याची मिस्सा १६ तारखेला. फादर एडविन १४ च्या शुक्रवारपर्यंत त्याचं नाव मागतात. मिस्सेत ते मोठ्यानं वाचतात, मृतांसाठीच्या प्रार्थनेत. नाव मीच देणार, असं मीच सांगितलंय. मम्मी स्पेलिंग चुकवते. उद्या देते.

८ फेब्रुवारी, शनिवार
मेससुद्धा यातलीच! टेबलावर पाठवलेलं ताट. माझ्या नगरच्या मेसची आमटी बघून जोएल म्हणाला होता, "ही थेट विहिरीतून पाठवली वाटतं." तेही लिहिलं. एक टिक.
चर्चच्या ऑफिसला फोन लावला. फादरांनी उचलला. मी कट केला. रेंज बरी नव्हती.

११ फेब्रुवारी
मिस्ड कॉल या घराण्यातला नाही. ती इंग्रजीची वेगळी शाखा. दोनदा तपासलं. जोएल कुठंही पोचला की मिस्ड कॉल द्यायचा. शब्द यादीतून काढला. पाठवला नाही.
मीटिंगमध्ये फोन थरथरल्यासारखा वाटला. कॉल नव्हता. दुरुस्तीला द्यायला हवा.
मम्मी म्हणाली, "त्याचा चांगला फोटो त्याच्या मोबाईलात हाय. चार्जिंगला लावू का?" नको म्हटलं, जुनी बॅटरी फुगते. "तुझं आपलं कायतरीच. नाव दिलंस का?" देते म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
फ्रेंचमध्ये हेच क्रियापद 'ठेवणं' झालं, स्पॅनिशमध्ये 'आत घालणं'. पाठवणं दोन्हीकडे गळलं. का, ते कळल्याशिवाय नाव देणं घाईचं होईल.
ऑफिस आता बंद झालं असणार. उद्या कोपरगावला जातेच आहे, समक्ष देईन. समक्ष जास्त अचूक.

१५ फेब्रुवारी, शनिवार. एसटीत, राहुरीच्या पुढे
दोन टिक. सगळ्या मेसेजना. मग निळ्या.
जोएलच्या नावाखाली 'टायपिंग'.
फोन चालू झाला की साठलेले मेसेज पोचतात. कारण मला माहीत आहे. हात गार पडले, कारण खिडकी उघडी होती.
बराच वेळ टायपिंग. मग:
"मम्मी हाय. फोटोसाठी लावला चार्जिंगला. फुगला न्हाई. तुझे सगळे मेसेज वाचले. आमटीचं वाचून हसले, मग न्हाई हसले. नाव मी बुधवारीच दिलं. तू देणार न्हाईस हे कळलं हुतं. येताना मेणबत्त्या आण."
नेटवर्क व्यवस्थित आहे. यादी बंद.
उत्तर लिहिलं: पोचले की मिस्ड कॉल देते.
जोएलला. पाठवलं.