मैदानातला मचवा

३ मार्च
शाळेच्या मैदानातल्या मचव्याला आणखी दोन भेगा. डाव्या अंगाला तर माझं बोट आरपार जातंय. रत्नागिरीहून लॉरीवर घालून आणला तेव्हा म्हातारा होता, पण धडधाकट. उदगीरच्या पोरींना समुद्र कधी दिसायचा, निदान शिडाची नाव तरी हाताळू देत, म्हणून मी भूगोलाची बाई हट्टाला पेटले होते. आता या दुष्काळात लाकूड सुकून आकसून राहिलंय. आज सातवीने शीड चढवलं. लई झकास! वारा भरपूर. पाणी तेवढं नाही.

५ मार्च
अप्पा आले होते. संस्थेचे अध्यक्ष, मोंढ्यात धान्याची आडत. "बाई, नवा जिल्हा झालाय. लातूरचे शिक्षणाधिकारी साहेब महिनाअखेर शाळा बघायला येणार. नाव नीट झाली तर ठेवू, न्हाई तर सरपणाला."
सरपण म्हणे! घरी येऊन भाकरी करपवली.

८ मार्च
बाबा बैलगाडीचं चाक सैल झालं की ओढ्यात भिजत टाकायचे. लाकूड फुगायचं, चाक घट्ट. मचव्यालाही तेच हवं. पण माणसं हंडे घेऊन उन्हात उभी, अन् मी नावेला पाणी मागू? अप्पांकडून बारदानं आणली, नावेवर घातली, घरचं भांड्याचं पाणी शिंपडते. घटकाभरात कडकडीत कोरडी. आज रडू आलं. खरंच आलं.

१२ मार्च
कमाल झाली. टँकर आला तर गल्लीची टाकी फुटलेली. ड्रायव्हर घाईत. "कुठं ओतू? न्हाई तर चाललो." शेजारच्या रुक्मिणबाईंनी मैदानाकडे हात केला, "त्या लाकडाच्या डोणीत वत की!"
"अहो, नावेत पाणी आत नसतं..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पाइप आत!
चहूकडून धारा. बायकांनी प्रत्येक भेगेखाली घागर लावली. मोठ्या भेगेवरून दोघींची जुंपली.

१७ मार्च
भेगा मिटल्या! टँकर रोज तिथेच रिकामा होतो. रुक्मिणबाई नाराज. "माझी धार बंद पडली की वो, बाई!" आता वरून बादलीने उपसतात. पाणी फक्त धुण्याभांड्याला, तरी गल्ली खूश.

२३ मार्च
थेंब गळत नाही. अप्पांनी हात फिरवून पाहिला. "शाब्बास! सरपण कॅन्सल. रिकामी करा, पोरींना बसवा."
रुक्मिणबाई पदर खोचून पुढे. "करून तर दाखवा रिकामी."
अप्पांना मोंढ्यातलं काम आठवलं.
खरी पंचाईत माझी. रिकामी केली तर पुन्हा तडकणार. भरलेली ठेवली तर पोरी बसणार कुठे?

२८ मार्च
उद्या साहेब. नाव अजून भरलेलीच. भिंतीवर लावायला पाचवीकडून चित्रं काढून घेतली, 'समुद्र आणि नाव'. बघते तर काय, एकजात सगळ्या पोरींनी निळा रंग नावेच्या आत भरलाय! बाहेर पिवळी माती, शेळ्या, घागरी.
शबानाला विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "बाई, समुद्र सांडू नये म्हणूनच नाव बांधतेत ना?"
हसून हसून पुरेवाट. मग हसू थांबलं. याच्यासाठीच का मी रत्नागिरीहून नाव आणली?
चित्रं टेबलावर आहेत. टाचण्या हातात. लावू की नको?