गिरधर दाजींच्या पाऊण बोटाविरुद्ध तक्रार

जळगाव,
चैत्र वद्य पंचमी, दुपार

तीर्थरूप गिरधर दाजी यांस,

हितेंद्रचा साष्टांग नमस्कार. आपण आणि सुलक्षणाअक्का दोघेही खुशाल असाल असं निदान या पहिल्या परिच्छेदापुरतं धरून चालतो. आपल्या गुडघ्याचं कसं आहे? आईने दिलेलं तेल लावता का? हे मी मनापासून विचारतो आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याचा आपल्या गुडघ्याशी काही संबंध नाही. संबंध आहे तो आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याशी आणि त्याच्या शेजारच्या बोटाशी. इकडे ऊन त्रेचाळीसवर गेलं आहे. आई बरी आहे, रूपाली बरी आहे. मी बरा नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण आपण फोन स्पीकरवर टाकून चहाच्या टपरीवर मधोमध ठेवता, आणि माझं गाऱ्हाणं अर्धं नरडाणं ऐकतं. गेल्या खेपेला मी पोटतिडकीने बोलत असताना मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "मास्तर आज लई तापेल शे." (मी मास्तर नाही. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे. हे आपल्याला मी सत्तावीस वर्षं, म्हणजे अक्काच्या लग्नापासून, सांगत आलो आहे.) म्हणून पत्र. पत्राला स्पीकर नसतो.

तर तक्रार अशी. पाडव्याच्या दिवशी, जेवण झाल्यावर, दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी आपण आमच्या भुरीच्या इंजिनात हात घातलात आणि तेव्हापासून आज एकोणीस दिवस ती सुरू झालेली नाही. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही, डायरीत आहे. आबा भाद्रपदात गेले. त्यांच्यामागे घरात त्यांची म्हणून तीनच गोष्टी राहिल्या, चष्मा, काठी आणि ही राखाडी गाडी, म्हणजे भुरी. चष्मा आणि काठी सुस्थितीत आहेत, कारण आपण त्यांना हात लावलेला नाही.

घटनाक्रम पुन्हा सांगतो, म्हणजे मागाहून "असं झालंच नव्हतं" असा वाद नको. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी प्लगकडे जाणाऱ्या चारही तारा काढून स्वच्छ पुसल्या. कुठली तार कुठल्या सिलेंडरची यात घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकीवर ओल्या कुंकवाचे ठिपके दिले, एक नंबरच्या तारेला एक, दोनला दोन, याप्रमाणे चारपर्यंत. (कुंकूच का, तर चिकटपट्टी उष्णतेने गळून पडते आणि काळ्या रबरावर पेनाची शाई दिसत नाही. मी विचार केल्याशिवाय काही करत नाही, हा माझा दोष आहे असं रूपाली लग्नापासून म्हणते.) तारा जमिनीवर नकोत म्हणून पाटावर ठेवल्या. सकाळी गुढी उभारल्यावर आईने पाटावरच्या तारांचीही पूजा केली आणि प्रत्येकीवर एकेक ठिपका वाढवला. त्यामुळे दोन, तीन, चार, पाच असे ठिपके दिसू लागले. दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी आईला रीतसर विचारलं, "किती किती लावले?" ती म्हणाली, "एकेक." मग मी प्रत्येक तारेतून एक वजा केला आणि तारा जागच्या जागी बसवल्या. तेव्हा त्या बाजूला शंकेला जागा नाही.

चावी फिरवली. भुरीने सायलेन्सरमधून एकदा मोठा आवाज काढला. (न्यायाने सांगायचं तर हा आवाज आपण हात लावण्याच्या आधीचा आहे. मी तो लपवत नाही. पण एका आवाजाने काय सिद्ध होतं? माणूसही झोपेतून उठला की खोकतो.) इतक्यात आपण पानावरून उठून, हाताला पुरणपोळीचं तूप तसंच ठेवून, बाहेर आलात. "सरक, मास्तर. बठ्ठं टायमिंग चुकेल शे." मी विचारलं, कशावरून? आपण कानाकडे बोट दाखवलंत. मग दहाच्या पान्याने डेल्कोचा नट सैल केलात (ठिणगी चारही तारांना वाटून देणारं ते डबडं, मिस्त्री लोक त्याला डेल्को म्हणतात आणि आता मीही म्हणू लागलो आहे, इतकी माझी संगत बिघडली आहे) आणि तो फिरवलात. किती फिरवला, असं मी वही उघडून विचारलं. "पाऊण बोट." पाऊण बोट! दाजी, मी आयुष्यभर अर्ध्या मिलिलिटरचा हिशेब दिला आहे. बोट कुणाचं? आडवं की उभं? त्यानंतर भुरीने लागोपाठ चार बार काढले, शेजारच्या कमलबाईंच्या गुढीवरचा तांब्या तिरका झाला, आणि आपण "आते मिस्त्रीले दखाड" असा सल्ला देऊन, सावद्याहून आलेल्या केळ्यांची फणी बगलेत मारून साडेतीनची बस गाठलीत.

त्या दिवसापासून मी जे केलं आहे ते पदवीच्या परीक्षेलाही केलं नव्हतं. पेट्रोल पोहोचतं का ते पाहिलं, पोहोचतं. ठिणगी पडते का ते पाहिलं. त्यासाठी एक प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून धरायचा असतो आणि दुसऱ्याने चावी फिरवायची असते. मी प्लग धरला, रूपालीने चावी फिरवली. ठिणगी पडते, उत्तम पडते, माझ्या कोपरापर्यंत पडते. (डायरीतील नोंद: "अपशब्द, एक. रूपालीने ऐकला.") म्हणजे पेट्रोल आहे, ठिणगी आहे, फक्त दोघांची भेट वेळेवर होत नाही. आणि वेळेला हात लावणारा माणूस एकच.

नंतर पंडित मिस्त्रींना बोलावलं. सभ्य माणूस, पण निदान करण्याची त्यांची पद्धत अशी की आधी नवा भाग बसवायचा आणि मग जुना निर्दोष होता असं सांगायचं. पहिल्या दिवशी कॉइल बदलली. दुसऱ्या दिवशी कंडेन्सर. तिसऱ्या दिवशी पॉइंटमधली फट त्यांनी पोस्टकार्डाचा कोपरा घालून मोजली आणि बरोबर आहे म्हणाले. मी माप घेण्याची पोलादी पट्टी विकत आणून पुन्हा मोजली. बरोबरच होती, याचा मला रागच आला. चौथ्या दिवशी ते बॉनेटवर कोपर टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, तारा एकदा उलटसुलट करून बघू का?" मी म्हणालो, तारांना हात लावायचा नाही, त्यांची लेखी नोंद आहे. ते म्हणाले, "नोंद आहे का? मग राहू द्या. पण एक सांगतो, हिच्यात कुणीतरी ज्ञानी माणसानं हात घातलेला आहे." मी ते वाक्य तिथल्या तिथे उतरवून घेतलं आणि समासात आपलं नाव लिहिलं.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. अखाजी तेरा दिवसांवर आली. त्या अक्षय्य तृतीयेला आबांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे आणि तिच्यावर खरबूज ठेवताना अक्का शेजारी नसेल तर आई घागरीला हात लावणार नाही, हे तिने मला दोनदा आणि भिंतीला बऱ्याचदा सांगितलं आहे. अक्काला आणायला दर अखाजीला मुऱ्हाळी म्हणून आबा स्वतः जात, याच गाडीत, अमळनेरला एकदा पाणी घालायला थांबून. यंदा ते माझं काम. मी अक्काला फोन केला, गाडी आजारी आहे म्हणालो. तिने आधी आईची चौकशी केली. मग म्हणाली, "आबांनी गाडी ई तर मी येसू. बसमा येवाले मी काय पाव्हनी शे का?" म्हणजे आबांची गाडी दारात आली तरच ती येणार. एवढं बोलून तिने फोन ठेवला. दाजी, ती चिडली असती तर मी समजून घेतलं असतं. ती चिडली नव्हती.

आणि यावर आपण काय उपाय सुचवलात? "मी तिले बसमा बसाडी देस. तू स्टँडवर उतारी ले." अखाजीला नवऱ्याने बायकोला बसमध्ये बसवून माहेरी पाठवायचं, जसं काही कापसाचं बोचकं! आबांच्या माघारी पहिल्याच वर्षी! पंचक्रोशीत हे कळलं तर लोक म्हणतील, बापामागे तिला घ्यायला यायला कुणी उरलं नाही. मीही तेच म्हणेन, आणि आरशासमोर उभा राहून म्हणेन.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाडव्याच्या दिवशी आपण डेल्को फिरवला, पाऊण बोट फिरवला आणि कोणत्या बाजूला फिरवला, हे तीन मुद्दे कागदावर लिहून सहीनिशी पाठवावेत. मला भरपाई नको, माफी नको. (माफी मागितलीत तर नाही म्हणणार नाही.) फक्त सत्याची नोंद व्हावी. माझं काही चुकलं असेल तर मी पहिल्यांदा कबूल करेन, हे आपण जाणताच. पण या प्रकरणात मी स्वतःला सर्व बाजूंनी तपासलं आहे आणि सापडलो नाही. अक्कास नमस्कार. गुडघा जपावा.

आपला आज्ञाधारक, पण दुखावलेला,
हितेंद्र

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी वाटलं की आपण उद्या तारांवर बोट ठेवाल, तेव्हा आईची साक्ष लिहून घ्यावी. वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "आई, प्रत्येक तारेवर एकेकच ठिपका लावलास ना?" ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकेकच रे. एखादीला दोनदा लागलं असंल, एखादी राहिली असंल. देवाच्या कामात मोजणी कोन ठेवते?" मी तिथेच पाटावर बसलो. दोन नंबरला दोन लागले आणि तीन नंबर राहिली, तर ठिपके तरीही दोन, तीन, चार, पाच असेच दिसतात. मग एक वजा करणारा माणूस दोनची तार तीनला लावतो आणि तीनची दोनला. लांबीला दोन्ही जवळजवळ सारख्याच. मी उन्हात जाऊन त्या दोन तारांची अदलाबदल केली. भुरी चौथ्या फेऱ्याला सुरू झाली. ज्ञानी माणूस कोण, हेही आता ठरलं. समासातलं आपलं नाव खोडून माझं लिहिलं आहे, तारखेसह. वरचं पत्र फाडावं असं वाटलं होतं, पण लिहिलेलं नष्ट करणं मला अप्रामाणिक वाटतं. तेव्हा ते तसंच पाठवतो. ते रागातलं समजून वाचा.

ता. क. २. मात्र पाऊण बोटाची तक्रार मी मागे घेतलेली नाही. गाडी सुरू होते, पण रेल्वेवरचा पूल चढताना डब्यात खडे घातल्यासारखी खडखडते. याचं कारण तुमचं बोट. मी कोनमापक लावून डेल्को मागे आणून पाहिला, तर आणखी बिघडला. पंडित मिस्त्री म्हणाले, "आबा असताना हिचं टायमिंग कोण लावायचं, त्यालाच बोलवा." आबा असताना तुम्हीच लावायचात, कानाने. हे मला माहीत होतं. वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही. टाळलं.) तेव्हा येत्या रविवारी सकाळच्या बसने याल का? जेवायला पुरणपोळी आहे. हात धुवायला लावणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. भाद्रपदात हॉर्नची तार मीच काढून ठेवली होती. कारण डायरीत आहे, इथे लिहीत नाही. मघाशी ती जोडली आणि आबा वाजवायचे तसा दोनदा वाजवला. आई आतून बाजाराची पिशवी घ्यायला हात पुढे करून दारापर्यंत आली, मला पाहिलं, आणि "इंजिन तापू नको देऊ" असं ओरडून परत गेली. अक्काला मुहूर्त, वार, वेळ काहीच सांगू नका. आबांनीही कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या गल्लीच्या वळणावर दोनदा वाजेल, एवढंच सांगा.