भाऊजींच्या शिफ्टचा कस्तूर

नंदिनी नगर, ९ जुलै १९८४

ती. भैय्याजी मामांस, चंपतचा शि. सा. न. वि. वि.

रुक्माताई मजेत. मी रोज तिची सायकल घेऊन हिंडतो. काल उतईपर्यंत गेलो, तिथं भजी एक नंबर, पण ते असो. मामा, लफडं झालं. सेकंड शिफ्टवाले रात्री उशिरा येऊन झोपून असतात म्हणून इथं पहाटे कोणी दार वाजवत नाही. भाऊजींच्या शिफ्टमधले हिरालालजी सव्वापाचाले क्वार्टरखालून शीळ घालतात, मग भाऊजी त्यांच्यासंगं खाणीवर ड्यूटीले निघतात. आता साडेचारालेच शीळ येऊन राहिली. तीनदा भाऊजी डबा घेऊन एकटेच रस्त्यावर उभे. म्हणाले, हे चंपतचंच काम. बावीस तारखेपर्यंत थांबलं नाही तर नागपूरची गाडी पकड. मले इथंच राहायचं आहे. शीळ घालतो तो खाणीतल्या पाण्याजवळचा काळा पक्षी. तुम्ही जंगल खात्यातले, त्याचं नाव लिहून पाठवा.

लोभ आटला असल्यास पुन्हा भरावा.

तुमचा चंपत

नागपूर, १३ जुलै

चि. चंपतला अनेक आशीर्वाद.

पक्ष्याला जेवढी जागा दिलीस तेवढीच भज्यांना दिलीस. माणसासारखी शीळ म्हणजे कस्तूर वाटतो. पण माझ्या पक्ष्यांच्या वहीत तो बालाघाटच्या पूर्वेला एकदाही नाही. चोच बघ. पिवळी असेल तर हिमालयाकडचा, काळी असेल तर आपला. कपाळावर निळी चमक हवी. आणि साक्षीदार असा आण, ज्याचं तुझ्याशी पटत नाही. लांब जावं लागणार नाही.

कार्ड संपलं, माया नाही.

भैय्याजी

नंदिनी नगर, २४ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

रविवारी पहाटे ताईनं मले भाऊजींसमोर बसवून तोंडात पोहे कोंबले. शीळ आली. माझं तोंड भरलेलं पाहूनही भाऊजी सवयीनं डब्याकडे वळलेच. मग दोघं खाणीवर गेलो. उजाडल्यावर दगडावर दिसला. चोच काळी, कपाळ निळं. भाऊजींनी तुमच्या वहीसाठी सही केली आणि म्हणाले, राहा बाबा.

आज पहाटे शीळ आली. भाऊजी पडल्यापडल्या ताईले समजावत होते, ऐक, हा कस्तूर, याची चोच काळी. कस्तूर लय वेळ वाजला. ते हिरालालजी होते. अकरा वर्षांत भाऊजींचा पहिला खाडा पडला.

सहीचा कागद पोस्टात टाकत नाही. दुपारच्या गाडीनं मीच घेऊन येऊन राहिलो.

लोभ असू द्या, आणि एक खाटही.

चंपत