विमानवाल्या वहिनी

१४ नोव्हेंबर १९३७

आमच्या एजन्सीची पाटी लागली! हे स्वतः शिडीवर चढून ठोकत होते. वर विमान कंपनीचं नाव, खाली — ‘आजवर एकही उतारू दगावलेला नाही.’ मी म्हटलं, गेल्या वर्षी काठेवाडात पडलं त्याचं काय? म्हणाले, “ते टपालाचं. नुसता वैमानिक गेला. वैमानिक म्हणजे उतारू नव्हे.” आणि पावसाआधी नाशिककडे पडलं ते? “ते भाड्याने आणलेलं. कंपनीचं नव्हे.”

चार माणसं गेली त्यात. वर्तमानपत्रात वाचलंय मी. तरी शिडी धरून उभी राहिले.

२० नोव्हेंबर

रत्नागिरीच्या बाजारात आता मला ‘विमानवाल्या वहिनी’ म्हणतात. खोटं कशाला लिहू — आवडतं!

२ डिसेंबर

वैमानिक रुस्तम इथे उतरला की आमच्याकडेच जेवतो. पारशाचं पोर, पण सोलकढी वाट्यांवर वाट्या पितो. आज खाली मान घालून जेवला. काय झालं विचारलं तर, “वैनी, इंजिन खोकते. मुंबईला सांगून सांगून तोंड दुखला. ते बोलते, चालव.” आणि हसला.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी ऐकलं आणि हिशेबाची वही उघडली. या माणसाला कशाचं काही वाटतच नाही!

९ डिसेंबर

शेजारची मालन धावत आली. हातात तार. तिचे यजमान मुंबईत इस्पितळात, पोट फाडायचं आहे. आजची बोट सुटून गेलेली. उद्याच्या बोटीने निघाली तर पोचेतो परवा उजाडणार. विमान दुपारचं, दोन तासांत मुंबई.

माझा हात घट्ट धरला. “विमल, तू खरं सांग गो. भय नाही ना?”

हे आतल्या खोलीत होते. उतारू मिळाले नाहीत तर एजन्सी बंद, असं कंपनीने कळवलंय. रुस्तमचं बोलणं आठवलं मला. नाही आठवलं असं नाही. तरी म्हटलं, “कसलं भय! मीच दोनदा जाऊन आले.”

एकदासुद्धा बसलेली नाही मी!

हे तिला सड्यावर, विमान उतरतं तिथे, घेऊन गेले. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

१० डिसेंबर

विमान मुंबईला पोचलंच नाही.

११ डिसेंबर

जयगडच्या खाडीच्या तोंडाशी पडलं. तिथला जैनुद्दीन तांडेल मचवा घेऊन धावला म्हणून मालन हाती लागली. जिवंत आहे. रुस्तम गेला. हसरं पोर!

हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. कालपासून अन्न नाही. मला दया आली नाही.

१५ डिसेंबर

मालनचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तिच्यासाठी पेज घेऊन इथल्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेले — आणि तिथूनच माघारी फिरले. कुठल्या तोंडाने जाऊ?

घरी येऊन यांच्यावर तुटून पडले. “तुम्ही शेजारणीचा जीव विकलात!” असंसुद्धा म्हटलं. हे ऐकत राहिले. उलटून एक शब्द नाही. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच आता शरम वाटते.

१९ डिसेंबर

आजही फाटकापर्यंतच.

२२ डिसेंबर

आज आत गेले. मालन केवढीशी झालीय! यजमान सुधारताहेत, बोटीने येणार म्हणाली. मला रडू आवरेना. तर तीच माझी समजूत घालायला लागली — “तुझा काय दोष गो? भावोजींनी सड्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, इंजिन बरं नाही, उद्याच्या बोटीने जा, मी तिकीट काढून देतो. मीच हट्टाने बसले. म्हटलं, विमल दोनदा जाऊन आली, तिला काय झालं? मग ते माझ्याकडे बघतच राहिले. काही बोलले नाहीत.”

२३ डिसेंबर

म्हणजे मी खोटं बोलले, हे यांना त्या दुपारपासून ठाऊक आहे.