बावीस हातांवर भिंत

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या ताईनं तिसरा चष्मा केला आणि तोही पडून आहे. कप ठेवायला जाते तो टेबलाच्या काठाबाहेर. घड्याळ समोर असून वेळ मलाच विचारते, वर माझ्यावरच चिडते. काल तलावावर तर कहर झाला. काठावरच्या काळ्या फरशीपाशी थबकली, इथे खड्डा आहे म्हणाली. तीस वर्षं त्याच फरशीवर उभी राहून मुलांना पोहायला शिकवते आहे! त्यात स्टॉपवॉचवरची वेळ दोनदा चुकीची सांगितली. पालकांनी तक्रार केली आणि क्लबच्या चिटणीसांनी गोड बोलून तिला घरी बसवलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. मी रागाच्या भरात आईला वेंधळी म्हणाले. तू नर्स म्हणून सारा जन्म वॉर्डात काढलास, काहीतरी सुचव.

तुझ्या लाडांना सोकावलेली,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

वेंधळी म्हणालीस ते आधी जाऊन परत घे. डोळे नुसते बघतात गं, बघितलेलं कळतं ते मेंदूला. आमच्या वॉर्डात एक शिंपी होते. नजर शाबूत, पण समोरची सुई सापडेना. तीन ठिकाणी डोळे दाखवून झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांकडे आले. तुम्ही तो फेरा वाचवा. घाबरवत नाही, पण टाळाटाळ नको. ताई पाय आपटेल. लहानपणी दात काढायला नेताना तिनं बाबांचा हात चावला होता. तू आपला सांभाळून ने.

जीव तिकडेच ठेवून बसलेली,
मावशी

३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझी शंका खरी ठरली. दिसलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा मागचा भाग झिजू लागला आहे. हा डिमेन्शियाचाच एक प्रकार. आठवण अजून पक्की आहे, पण पुढे तीही विरत जाईल, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. मी बाहेर येऊन रडले. आई मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, म्हणजे मी वेंधळी नव्हते! आणि चक्क हसली. माझी मान वर होईना.

तीन आठवडे तिनं पाण्याचं नाव काढलं नाही. मागच्या आठवड्यात एकदम जाहीर केलं, साठीपुढच्या बायकांच्या शर्यतीत शंभर मीटर पोहणार. चिटणीस कचरले, तर त्यांना म्हणाली की पाणी काही बघून पोहायचं नसतं. आता रोज सराव. लेनच्या दोरीला हात घासत सरळ जाते आणि किती हात मारले ते मोजते. बावीस हातांवर भिंत. भिंत जवळ आली की मी काठीला बांधलेल्या स्पंजनं तिच्या खांद्यावर टपली मारते. दोनदा तो टाळक्यातच बसला. काय काय ऐकून घेतलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे लावलेली,
चिमणी

२० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मला ओळी सापडत नाहीत, म्हणून सांगते मी आणि लिहिते चिमणी. पदरचं किती घालते देव जाणे.

काल पोहले. आठ जणी होतो. पहिल्याच फेरीत दोरी सुटली. सगळीकडे निळं, भिंत कुठल्या अंगाला तेच कळेना. मग डोळे मिटून घेतले. अगं, मिटल्याबरोबर सगळं जागच्या जागी आलं! पाणी, खांदे, आकडे. दोरी हाताला लागली. उरलेल्या तिन्ही फेऱ्या डोळे मिटूनच मारल्या आणि तिसरी आले. पहिली आली ती एकसष्टची पोरगी होती, तिच्याशी माझी काय बरोबरी!

चिटणीस काठावर येऊन म्हणाले, पुन्हा शिकवायला या. मी सांगितलं, स्टॉपवॉच दुसऱ्या कुणाला द्या, मला खुर्ची द्या. आज सकाळी बसले. एक मुलगी डावा हात पाण्यावर आपटत होती, ते आवाजावरून पकडलं आणि सुधारून घेतलं.

पुढे काय काय जाणार आहे ते मला ठाऊक आहे. एखाद्या दिवशी तुझं नावही अडेल. म्हणून पुढच्या महिन्यात ये आणि येताना पोहायचा पोशाख आण. साठ वर्षं पाण्याला भितेस. मला शिकवता येतं आहे तोवर तुला शिकवून टाकते.

लोभ घेऊन काठावर उभी असलेली,
तुझी ताई