पश्चिमेच्या भिंतीतली मळी

१२ एप्रिल १९९४
बमरोली. लूमच्या शेडचा बाहेरून गिलावा. ऊन फार. सिमेंट घमेल्यातच आवळतं, थापी फिरत नाही. शेठने केमिकलचा डबा आणलाय. पाण्यात मापाने टाकायचं. दुपारपर्यंत माल मऊ राहिला. दादा हसला. गावाकडे चुन्याच्या कामात गूळ घालायचे, तेच हे, म्हणाला. डब्यात भरलं एवढंच.

१५ एप्रिल
डबा संपला. शेठ बाहेरगावी. काम थांबवता येत नाही.
दादाचा साडू बारडोलीच्या साखर कारखान्यात. त्याच्याकडून उसाच्या रसाची काळी, गोड मळी आणली. मी म्हटलं, बेताने. माझी पाठ वळली तर दादाने मळीचा अर्धा डबा पाण्याच्या पिंपात ओतला. पश्चिमेची सगळी भिंत त्याच मालाची. हात मात्र लोण्यासारखा फिरला.

१६ एप्रिल
भिंतीत बोट जातं. डब्यातल्या केमिकलवाली बाजू दगड झालीय.

१७ एप्रिल
अजून तसंच. केमिकलच्या दुकानात विचारलं. साखर थोडी पडली तर सिमेंट उशिरा धरतं, जास्त पडली तर धरेलच असं नाही. त्यात उन्हाने वाळलं तर माती.
दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पानी नको मारू, धुई जाई. वल्ला गोणपाट लाव."
लावले.

१८ एप्रिल
शेठ आला. नखाने ओरखडा काढला. "कोणे कर्यु आ?"
मी म्हटलं, आमचं काम.
दादा पुढे झाला. "मेरा है सेठ. इसने मना किया था."
मना केलं नव्हतं. बेताने म्हटलं होतं.
शेठ मला म्हणाला, परम दिवसे उखेडी नाखो. अने आ डोसाने गाम मोकल. म्हणजे परवा सगळं उखडायचं, आणि या म्हाताऱ्याला गावी धाडायचं.
मला थापी धरायला यानेच शिकवलं. हे शेठला सांगून काय होणार?

१९ एप्रिल
नवागामला खोलीवर आलो. ही म्हणाली, मोठे भाऊजी जेवले नाहीत. पिशवी भरून ठेवलीय त्यांनी.

२० एप्रिल, दुपार, साइटवर
खाली कमरेएवढ्या भागात बोट जात नाही. खिळा जातो. वर अजून ओलं.
"धरी ती भिंत," दादा म्हणाला. माझ्याकडे न बघता. गोणपाट भिजवत होता.
भिंत उखडायला छिन्न्या घेऊन दोघे मजूर आले होते. त्यांना उत्तरेकडे परांची बांधायला लावलं.
शेठ फाटकाशी आलाय म्हणतात. जातो.