डावीकडचा ब्रेक

अमरावती,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. आशामावशींनाही सांगा. त्यांनी लेकीसाठी पाठवलेले ज्वारीचे पापड पोचले, निम्मे चंदाने कच्चेच खाल्ले. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत असेल. तेल लावता का, की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहे?

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही. रागावू नका. हे मी तुमच्यासमोरही म्हटलं असतं.

काल काकांच्या नातवाचा, रोहितचा फोन आला. "आत्या, रविवारी गाडी न्यायले येतो. मोठ्या आबानं सांगतलं, आता थे गाडी माही." मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. फोन ठेवल्यावर माझाच मला संताप आला.

बाबा, गाडी चंदाची आहे. अठरा पूर्ण झाली तेव्हा तुम्हीच तिला दिली. "चालू कंडिशनमधी हाय, फक्त धुऊन घ्या," असं म्हणून दिली. दोन वर्षं अकोल्याला, जठारपेठेतल्या घरामागे लिंबाखाली उभी होती ती. सीटखाली उंदरांचा संसार होता, वायरिंग त्यांनी पिल्लांसाठी कुरतडून मऊ करून ठेवलं होतं. रेडिएटर गळत होता. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. परवेज मिस्त्रीने तो दुरुस्त केला, तर कुठेच वाजेना. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, शांती है ना अब?" त्याच्या गॅरेजमध्ये मी इतक्या वेळा बसले, की तिथल्या कुत्र्याने माझ्यावर भुंकणं सोडलं. दर वेळी "कल पक्का". क्लच प्लेट आली तर पाना सापडत नव्हता, पाना सापडला तर परवेजच्या मेहुण्याचं लग्न निघालं. तरी केली सगळी कामं. टायर, बॅटरी, सीटची कव्हरं. नोंदणीचं नूतनीकरण केलं, त्यासाठी तीन वेळा रजा टाकली. आणखी एक काम मी परवेजकडून करून घेतलं होतं. ते पुढे लिहिते.

लोक चंदाला माझी मुलगी समजतात आणि ती त्यांना दुरुस्त करत नाही. पण कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आल्यापासून घरात मात्र मी तिची बहीणही नसते, वॉर्डन असते. ओला टॉवेल पलंगावर, कंगव्यात केस, काही बोललं की "तू शाळेतल्या पोरायले बोल ना व ताई." अशा मुलीला मी दर रविवारी बडनेऱ्याच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकवायला नेत होते. क्लच सोडताना ती डोळे मिटायची. आरशाचा उपयोग टिकली पाहायला. पण थांबवायची छान. मी चुन्याने आखलेल्या रेघेवर गाडी अशी अलगद थांबायची, की तीच चकित व्हायची. "ब्रेक किती हलका हाय व! पाय ठेवला का थांबते!" म्हणायची. मैत्रिणींनाही तिने हेच सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात आम्ही अकोल्याला आलो, तेव्हाचं तुम्हाला आठवतच असेल. पण तुम्ही पाहिलं ते फाटकाच्या आतून. फाटकापर्यंत गाडी मी आणली होती. तिथे चंदा म्हणाली, "आता मी आत नेतो. बाबाले दिसू दे." मी तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि फाटक उघडायला खाली उतरले. तिने गाडी सरळ आत घेतली, वेगही जास्त नव्हता, नेहमीसारखा पाय ठेवला, आणि गाडी थांबलीच नाही. तुम्ही खुर्चीवरून उठलात म्हणून वाचलात. खुर्ची चेपली, नळ तुटला, पाण्याचा फवारा उडाला. शेजारचे महादेवराव लुंगी सावरत आले आणि "आधी कॉक बंद करा बाप्पा" म्हणत कॉक कुठे आहे ते कोणालाच न विचारता अंगणभर फिरले. त्या गडबडीत तुम्ही चंदाला म्हणालात, "तुह्याच्यानं हे होनार नाही. उतर खाली. गाडी रोहितले देतो." ती उतरली. भिजत उभी राहिली. "मी ब्रेक दाबला होता, बाबा," एवढंच म्हणाली, आणि तुम्ही म्हणालात, "दाबला असता त थांबली नसती का?"

तुमचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला माहीत होतं आणि मी पाणी उपसत राहिले.

त्या दिवशी डायरीत मी लिहिलं, 'फाटक अरुंद आहे.' याच फाटकातून चंदाच्या बारशाला मांडवाचा ट्रक आत आला होता.

आता ते दुसरं काम. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तसा मी परवेजकडून डावीकडे बसवून घेतला होता. चंदाला तो दिसत होता. मी तिला सांगितलं, अडीअडचणीला असू दे. पहिल्या दिवशी एक म्हैस आडवी आली तेव्हा मी तो दाबला. त्यानंतर म्हैस नसतानाही दाबला. दोन्ही ब्रेक आतून जोडलेले असतात. मी इकडे दाबला की तिच्या पायाखालचाही आत जायचा, म्हणून तिला तो हलका वाटायचा. ती नुसता पाय टेकवत होती, बाबा. प्रत्येक वेळी गाडी मीच थांबवत होते. फाटकापाशी मी खाली उतरलेली होते.

मी हे का केलं, यावर बराच विचार केला. भीती होती, ती तर होतीच. पण रेघेवर गाडी थांबली की ती माझ्याकडे ज्या चेहऱ्याने पाहायची, तो मला हवा होता. इतर दिवशी तो चेहरा मला मिळत नाही. खरं सांगून तो घालवायचा नव्हता. मग अंगणात सांगायचं होतं, तर तिथे तुम्ही होता आणि महादेवराव होते. दोन बहिणींपैकी एकच वेंधळी ठरणार होती आणि ती आधीच ठरलेली होती.

अकोल्याहून आल्यापासून चंदा स्कूटीलाही हात लावत नाही. ऑटोने कॉलेजला जाते. ऑटोवाल्याने अचानक ब्रेक मारला तरी दचकते, असं तिची मैत्रीण म्हणाली. म्हणून परवा, रविवारी, मी तिला बळेच मैदानावर नेलं आणि सांगितलं. वाटलं होतं, तिला हायसं वाटेल.

"एकदाही नाही?" तिने विचारलं.

"काय?"

"मी एकदाही गाडी थांबवली नाही?"

"नाही."

"अन् मी सगळ्यायले सांगत फिरलो, मले ब्रेक जमते म्हनून! तू आयकून हासत होती का मनात?"

"हसत नव्हते गं."

"मंग काय करून राहिली होती?"

मी डावीकडच्या ब्रेकवरचा पाय मागे घेतला. ती म्हणाली, "उतर." मी म्हटलं, अगं, एकटी कशी? "उतर म्हनलं ना!"

मी उतरले. मैदान रिकामं होतं. तिने गाडी सुरू केली आणि पहिल्यांदा रेघ ओलांडून बाभळीपर्यंत गेली. दुसऱ्यांदा इतक्या जोरात दाबला की तिचं कपाळ स्टिअरिंगला लागायचंच बाकी होतं. बंद पडली, पुन्हा सुरू केली. मी उन्हात उभी होते आणि उजवा पाय मातीत दाबत होते. खोटं वाटेल तुम्हाला, पण चपलेचा अंगठा तुटला. हळूहळू तिचं जमायला लागलं. रेघेवर नाही, रेघेच्या आसपास, धक्का देत. माझ्यासारखं अलगद एकदाही नाही. पण थांबवली तिनेच, आणि तो पूर्वीचा चेहरा करून माझ्याकडे पाहिलं नाही.

परत येताना गाडी मी चालवली. शहरात शिरल्यावर ती म्हणाली, "गाडी मले पाहिजे. पन शिकवाले तू नोको."

"मग ड्रायव्हिंग स्कूल लावू?"

"त्यायच्याही गाडीत थोच ब्रेक असते. बाबाले बसव माह्या बाजूले."

"बाबांना? ते तुला रडवतील."

"रडवू दे. थे शिव्या देतीन, पन माह्या पायाचं काम त्यायच्या पायानं करनार नाही."

मला हे लागलं, बाबा. पण तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. तुमचा स्वभाव मला तिच्यापेक्षा सव्वीस वर्षं जास्त माहीत आहे, आणि तरी तिचं बरोबर आहे असं वाटतं.

डावीकडचा ब्रेक काल काढून टाकला. परवेज म्हणाला, "मॅडम, लगाया भी आपने, निकाला भी आपने. गाडी ने क्या बिगाडा था?" जिथे तो होता तिथे पत्र्याला दोन भोकं राहिली आहेत, ती बुजवून घ्या.

तुमचं लायसन अजून चालू आहे, ते मी मागच्या खेपेला पाहून ठेवलं होतं. रोहितला मी आज फोन करून कारणासह नाही सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आत्या, नळ तुह्या पायी तुटला?" हो म्हटलं. आता सगळ्या भाऊबंदांत होईल, होऊ दे.

या रविवारी मी आणि चंदा गाडी घेऊन येतो. गाडी फाटकाबाहेर लावून, किल्ली तिच्या हातात देऊन मी तिथूनच स्टेशनवर जाईन. मावशींना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका. चहाला आत आले तर मी थांबेन, थांबले तर गाडीत बसेन, आणि बसले तर शिकवीन. मला मी माहीत आहे.

तुम्ही तिच्या बाजूला बसाल का? बसायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पण 'तुह्याच्यानं हे होनार नाही' हे वाक्य परत घेतल्याशिवाय नाही. ते तिला लागलेलं आहे आणि ते खरं नव्हतं.

उत्तर मला पाठवू नका. चंदाला द्या. तिला तुम्ही काय म्हणालात, ते मी तिला विचारणार नाही.

तुमची थोरली,
जिच्यामुळे नळ तुटला ती,
शकुन